न थांबणारं पाचवं मशीन

“युनिक्स एक आहे. ज्याला एक कळलं, त्याला सगळी कळली!” असं मास्तरांनी सोमवारी भर बैठकीत जाहीर केलं, आणि मंगळवारी दुपारपर्यंत त्यांना एकही कळेनासं झालं.

न विचारता समजावून सांगायची खोड, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव मास्तर पडलेलं. तिथले सगळे प्रोग्रॅम ज्या एका सामायिक लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या गाठोड्याच्या, जिवावर चालत, ती मास्तरांच्या हातची. ती आता पाच मशीनांवर चालवायची होती. संगणक चालवणारी ही युनिक्स प्रणाली पाचांवर पाच कंपन्यांची, म्हणजे सख्ख्या जावाच. आडनाव एक, पण एकीने मीठ कुठे ठेवलंय ते दुसरीला ठाऊक नाही.

बुधवारपर्यंत चार जावा वळणावर आल्या. पाचवं मशीन पाणी-तपासणीच्या खोलीतलं, फ्रिजएवढं थोराड. त्यावर लायब्ररी फाईल वाचायला बसली की उठायचं नावच घेईना. फाईल संपली तरी हिचं वाचन चालूच.

“शुक्रवारी चारपर्यंत जमलं नाही, तर हे धूड भंगारात,” साहेब म्हणाले.

त्या खोलीतल्या बाईंचा चेहरा पडला. वीस वर्षं त्या याच मशीनवर काम करत होत्या. मास्तरांनी छातीवर हात ठेवून त्यांना शब्द दिला आणि हात खाली यायच्या आत पस्तावले.

गुरुवारी संध्याकाळी घरी मेव्हणा आलेला. पाणी पिऊन लगेच निघतो म्हणाला, त्याला दोन तास झाले. बायकोने दोनदा जांभई दिली, एकदा घड्याळाकडे पाहिलं. मेव्हणा ढिम्म.

“अगं, एवढ्या खुणा केल्यास, तुझ्या भावाला कळत कसं नाही?” मास्तर कुजबुजले.

“त्याच्या डोक्यात खुणांना जागाच नाही हो. सरळ सांगावं लागतं.” मग मोठ्याने, “दादा, ऊठ आता!”

मेव्हणा उठला. पण त्याच्या आधी मास्तर उठले होते.

शुक्रवारी सकाळी त्यांनी तपासलं, तर तेच! फाईल संपली की ‘उणे एक’ ही खूण मिळते, आणि लायब्ररी ती एका अक्षराएवढ्या जागेत ठेवी. चार मशीनांवर अक्षराच्या जागेत उणे आकडा मावत होता. पाचव्याच्या अक्षराला उणे ठाऊकच नव्हतं. तिथे उणे एकाचे दोनशे पंचावन्न होत, आणि लायब्ररी बिचारी खुणेची वाट बघत गरगर फिरत राही. मास्तरांनी खुणेला पूर्ण आकड्याची ऐसपैस जागा दिली. एका ओळीतला एक शब्द बदलला, बस्स. लायब्ररीने फाईल वाचली आणि शहाण्यासारखी थांबली.

‘मशीन राहू द्यावे’ असा शेरा मारून साहेब गेले. मास्तरांनी बाईंना युनिक्सच्या एकत्वावर बारा मिनिटं ऐकवलं. बाई ऐकता ऐकता मशीनच्या माथ्यावर हात ठेवून बघत होत्या.

“मास्तर, तुमचे उपकार जन्मात विसरायची नाही. फक्त एक विचारू?”

“विचारा की!”

“तीन दिवस हे न थांबता फिरत होतं ना, तेव्हा यावर माझा डबा काय सुंदर गरम व्हायचा! रोज साडेबारा ते एक, तेवढ्यापुरतं ते जुनं परत लावून द्याल?”