निळ्या पेटीचं भाडं

ट्रक दारात उभा होता आणि मागचं कुलूप काही निघत नव्हतं. आर्डिस हाल्व्हर्सनचं बर्फाळ डुलुथमधलं अख्खं घर त्या कुलपाआड होतं, आणि ती इथे वाळवंटातल्या युमाच्या भाजत्या उन्हात रिकाम्या घराच्या पायरीवर उभी. खुर्च्या, पलंग गेले खड्ड्यात! तिचा जीव एका निळ्या पत्र्याच्या पेटीत अडकला होता. तिच्यात ऑर्व्हलच्या कॅसेटी होत्या. नवरा जाऊन तीन हिवाळे झाले होते. आता त्याचा आवाज तेवढा उरला होता.

“सगळे पैसे रोख,” ड्रायव्हर म्हणाला. “मग कुलूप.”

त्यानं सांगितलेला आकडा ठरल्याच्या दुप्पट होता. पण आर्डिसही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर हलवणाऱ्याला सरकारी पुस्तिका मिळते, ती तिनं विमानात नीट वाचून काढली होती.

“खर्चाच्या लेखी अंदाजाच्या वर फार तर दहा टक्के,” ती ठणकावून म्हणाली. “तेवढे घ्यायचे आणि सामान उतरवायचं. बाकीचं बिल महिन्यानं. नियम आहे तसा!”

“आहे ना, बाई,” तो गोड हसला. “पण अंदाज कुठला? हा बघा. ट्रक भरायच्या आधीचा, वाढीव. खाली सही कुणाची?”

सही तिचीच होती. आता बोला!

ती केव्हा केली, हेही तिला लख्ख आठवलं. मर्ल त्वाइट आपल्या ओळखीची कंपनी म्हणून कागद घेऊन आला होता. ऑर्व्हलचा जन्माचा दोस्त. दोघांनी हिवाळेच्या हिवाळे गोठलेल्या तळ्यावर लाकडी खोपटात बसून मासे धरले होते. तिनं कॉफी ठेवली, लिंबाच्या वड्या कापल्या. एक कागद कोराच होता. “तो मी भरतो गं मागाहून, तू सही कर,” मर्ल म्हणाला. डुलुथकडची रीत अशी, की घरच्या माणसासमोर कागद वाचत बसलात तर त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं. विचारणं तर दूरच. तिनं सही केली आणि वर आणखी एक वडी वाढली. पुस्तिका मात्र त्यानं निरोपाच्या दिवशी विमानतळावर हातात ठेवली होती, सगळं झाल्यावर!

तिनं पोलिसांना बोलावलं. एक पोरगेला शिपाई आला, दोन्ही कागद पाहिले, मान खाजवली. “हे कोर्टाचं काम, बाई,” म्हणाला आणि गेला. तक्रारीच्या सरकारी नंबरावरच्या बाईनं सगळं अदबीनं लिहून घेतलं. लिहून घेतल्यानं कुलूप थोडंच उघडतं!

“मी पै जास्त देणार नाही,” आर्डिस म्हणाली. “कोर्टात जाईन.”

“जा की. सामान राहील गोदामात.” ड्रायव्हरनं टोपी मागं सारली. “फक्त ती टॉवेलांच्या खोक्यातली निळी पेटी आहे ना, ती माझ्या सीटमागं आहे. रस्ता लांबचा, बाई. एखादी वस्तू पडते कुठं तरी.”

त्याला पेटीचं कसं कळलं? आर्डिस पायरीवर बसली.

खोक्यावर तिनं ‘टॉवेल’ एवढंच लिहिलं होतं. पेटी टॉवेलांत गुंडाळताना स्वयंपाकघरात दोनच माणसं होती, ती आणि मर्ल. ती तर कॅसेटी विमानात मांडीवर घेऊन येणार होती. मर्लच म्हणाला होता, “वेडी आहेस का? विमानतळावरच्या यंत्रातून गेल्या तर आवाज पुसून जायचा. ट्रकनं पाठव.”

तिनं त्याला फोन लावला.

“मर्ल, पेटी कुठल्या खोक्यात आहे ते तू कुणाला सांगितलंस?”

पलीकडून तो म्हणाला, “तिकडे हवा कशी आहे गं?”

“मर्ल!”

“अगं, पेटीला काही व्हायचं नाही. तसं कबूल केलंय त्यांनी मला. तू उगीच वाद घालू नयेस, लवकर मोकळी व्हावीस, म्हणून फक्त…”

“तुला कबूल केलंय? तुला?”

“गिऱ्हाईक दिलं की मला थोडं सुटतं. माझंही ओढाताणीचंच चाललंय. तुझ्याकडे घर विकल्याचे पैसे आहेत, म्हटलं तुला जड जाणार नाही.”

“तू ऑर्व्हलची शवपेटी उचलली होतीस रे.”

“ते वेगळं, आर्डिस.”

“मेल्या, ते वेगळं कसं?” ती किंचाळली. इतक्या वर्षांत तिनं कुणावर आवाज चढवला नव्हता. तिनं फोन ठेवला.

ती बँकेत जाऊन आली आणि तिनं सगळे पैसे मोजले. दुसरं करणार काय? ड्रायव्हरनं आधी पेटी आणून तिच्या हातात दिली, अगदी अदबीनं, मग कुलूप काढलं.

सामान उतरवून माणसं गेल्यावर ती तशीच एका खोक्यावर बसली. टेप शोधून काढला, कॅसेट घातली. वारा घोंघावला, बर्फाला भोक पाडणारं गिरमिट करकरलं, आणि ऑर्व्हल खोकला. तिनं डोळे मिटले. तिचाच ऑर्व्हल.

“मासा आला की हाक मार, मर्ल,” तो म्हणाला, आणि मर्ल खो खो हसला.

तिनं झटकन कॅसेट बदलली. त्यातही मर्ल होता. तिसरीत दोघं गात होते, मर्ल बेसूर. बरोबरच होतं. कॅसेटी तळ्यावरच्या खोपटातल्या, आणि तिथं ऑर्व्हल एकटा कधी बसलाच नव्हता. बटणावर बोट ठेवून ती तशीच राहिली. मर्लला बंद केलं तर ऑर्व्हलही बंद होणार होता.

“आर्डिसनं काय दिलंय आज?” मर्लनं टेपमधून विचारलं.

“लिंबाच्या वड्या,” ऑर्व्हल म्हणाला. “तुझा डबा वेगळा दिलाय बघ तिनं.”