देवीदासचं बिऱ्हाड

रघुनाथरावांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"देवीदास, पोरगी अठराची झाली. आता संस्थेचं काम संपलं."

"म्हणजे आता ती आमचीच झाली ना, साहेब?"

"यमुनाबाई असत्या तर गोष्ट वेगळी होती."

रघुनाथराव सौंसरकडच्या एका बालगृहाचे व्यवस्थापक. नऊ वर्षांपूर्वी शकुंतलेला सांभाळायला म्हणून त्यांनीच देवीदासच्या बायकोच्या, यमुनेच्या हाती दिलं होतं. देवीदास पांढुर्ण्यात भगवंतरावांच्या गोदामात संत्र्यांच्या पेट्या ठोकायचा. नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. गेल्या दिवाळीआधी यमुना तापानं गेली, आणि घरात बापलेक दोघंच उरले. शकुन बारावीत होती.

"घरात बाईमाणूस नाही, तुमचं रक्ताचं नातं नाही. लोक बोलून राहिले," रघुनाथराव म्हणाले. "एक बिजवर स्थळ आहे, माणूस चांगला आहे. नाहीतर जबलपूरच्या महिला आश्रमात धाडतो."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

ते गेल्यावर शकुन दारात आली. हाताला पीठ तसंच होतं.

"बाबा, मले पाठवून देता काय? परीक्षा तरी होऊ द्या. मंग मी जाईन, कुठंबी."

त्या दिवशी भाकरी दोघांच्याही ताटात तशीच राहिली.

सकाळी तो पहिल्या बसनं रामाकोन्याला, विधवा बहिणीकडे गेला. वच्छलाबाई अंगणात तूर पाखडत होती.

"बाई, माह्या घरी राहाले येतं काय? शकुनची परीक्षा होईपर्यंत."

"येतो ना. पण लोकायची तोंडं तेवढ्यानं बंद होतीन काय?"

"मी गोदामात राहीन."

तिचं सूप थांबलं. "आपल्याच घरातून तू निघशीन?"

"तिले काढण्यापेक्षा बरं."

देवीदासनं जाऊन रघुनाथरावांना हे सांगितलं. ते म्हणाले, "होऊ दे परीक्षा. स्थळाला मी नाही म्हणून कळवतो."

पौषाची थंडी होती. पेट्यांच्या थप्प्यांमध्ये जागा करून देवीदासनं खाट टाकली. पेट्यांत भरायचं वाळलं गवत गोधडीखाली अंथरलं. भगवंतरावांनी घोंगडी दिली, कारण विचारलं नाही. जेवायला तो घरी जायचा, ओसरीवर बसायचा आणि हात धुऊन निघायचा.

परीक्षेच्या दिवसांत एकदा शकुनच डबा घेऊन गोदामावर आली. त्याचा खोकला ऐकून तिचे डोळे भरले.

"घरी चला ना, बाबा. आत्या हाय ना आता."

"लोकायले अर्धी गोष्ट पुरते, बाई. तू पेपर चांगला दे."

शकुन पास झाली. छिंदवाड्याला नर्सच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागला. राहायची सोयही तिथेच होती. तिला पोचवायला रघुनाथरावही बसस्टँडवर आले. तिची पेटी त्यांनीच टपावर चढवायला दिली. वच्छलाबाई त्याच बसनं रामाकोन्यापर्यंत जाणार होती. ती आधीच खिडकीशी बसली होती.

शकुन देवीदासच्या पाया पडली, पण बसमध्ये चढेना.

"बाबा, सुट्टीत मी कुठं येऊ?"

"कुठं म्हंजे?" देवीदास रागावल्यासारखा झाला. "घरी."

मग ती चढली.

बस वळणाआड गेल्यावर तो गोदामात गेला, गोधडी-घोंगडी गुंडाळून काखेत मारली आणि घराकडे निघाला. इतके महिने हाक दिल्याशिवाय तो कधी ओसरीही चढला नव्हता. आजही अंगणातच थांबला.

"शकुन, येऊ काय व?"

शेजारच्या कुसुमनं कुडावरून डोकावून पाहिलं, आणि मान आत घेतली.

मग देवीदासनं पुढे होऊन आपल्या हातानं कडी काढली.