जड पायाचा तपास

तशी गाडी सुरतेत एकच होती आणि ती आमच्याकडे होती, हे माझे यजमान मधुकरराव दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगत. दोन सीटांची, कापडी टपाची, १९६२ सालची विलायती स्पोर्ट्स कार. रंग पूर्वी हिरवा असावा. त्यांच्या बँकेचे एक म्हातारे पारशी खातेदार १९९५ साली मुलाकडे ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले. जाताना त्यांनी ती मधुकररावांच्या हवाली केली, कारण बँकेत त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा हा एकच माणूस होता. हा गुण मधुकररावांनी बँकेतून घरी कधी आणला नाही, पण गाडी आणली.

घरी म्हणजे घरी नव्हे. आमच्या सोसायटीत स्कूटर लावायची मारामार. म्हणून गाडी उधन्याला, एका लूमच्या कारखान्याला चिकटून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. भिंतीपलीकडे चोवीस लूम खडखडत असत आणि सुताची बारीक रुई उडून सगळीकडे बसत असे. जवळच्याच मराठी शाळेत मी चौथीला शिकवते. शाळा सुटली की मी शेडमध्ये जाऊन गाडी पुसायची.

पन्नाशीला दोन वर्षं उरली असताना मी ती चालवायला शिकायचं ठरवलं. शिकाऊ लायसन्स काढलं. मधुकरराव शेजारी बसून शिकवत आणि मध्येच डोळे मिटत. मिटेनात का. खरं सांगते, त्या गाडीत बसले की मला फार आनंद व्हायचा. पाय दाबला की ती पळायची, उचलला की थांबायची. पंचवीस वर्षांच्या संसारात माझं इतकं मुकाट्याने कुणी ऐकलं नव्हतं.

मग संक्रांतीच्या, म्हणजे इथल्या उत्तरायणाच्या, आदल्या रविवारी तिने ऐकणं सोडलं. आम्ही कारखान्याच्या गल्लीतून चाललो होतो. पुढे कापडाच्या एका शेठच्या गोदामासमोर हमाल कापडाचे तागे उतरवत होते. मी पाय उचलला. गाडी हळू व्हायच्या ऐवजी जोरात निघाली. मी ब्रेक दाबला, तर ती ब्रेकशी भांडायला लागली. हमाल बाजूला पळाले आणि आम्ही दोघं टपासकट ताग्यांच्या ढिगात शिरलो. कुणाला खरचटलंही नाही. माझ्या मांडीवर जांभळ्या फुलांचं साडीचं कापड उलगडून पडलं होतं. त्या कापडापलीकडून मधुकररावांचं पहिलं वाक्य आलं, "पाय जड आहे तुझा."

"मी पाय उचलला होता," मी म्हटलं.

"असं वाटतं माणसाला," ते म्हणाले.

शेठ धावत आला आणि मला म्हणाला, "बेन, धीमे धीमे." जणू मी हौसेने आले होते.

संध्याकाळपर्यंत सोसायटीला कळलं. खालच्या मजल्यावरच्या उषाबाई हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आल्या आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाल्या, "चालत येणार ना?" दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिक्षकखोलीतही बातमी पोचली होती. गाडी कधी चुकत नाही, चुकतो तो पाय, असं मधुकररावांनी एक वाक्यच तयार केलं होतं. ते सगळ्यांना पाठ झालं. आता मी गाडीला हात लावायचा नाही, असंही त्यांनी जाहीर केलं.

लोकांचं मी मनावर घेतलं नसतं. पण पहिल्या रात्रीपासूनच माझा माझ्या पायावरचा विश्वास उडत गेला. मी शिवणाच्या मशीनवर पाय ठेवून पाहिला. उचलला की मशीन थांबत होतं. पण मनात आलं, आपल्याला उचलला असं नुसतं वाटत असेल तर? जिना उतरताना मी पायरीगणिक थांबू लागले. वर्गात खडू घेऊन उभी असताना उजवा पाय कुणीतरी उसना दिल्यासारखा वाटे. हा पाय माझं ऐकतो की नाही, एवढं मला कळायला हवं होतं. नाही ऐकत म्हणाला असता, तर मी गाडीच्या वाटेला पुन्हा गेले नसते.

म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी सुकदेवला गाठलं. सुकदेव त्या लूमच्या कारखान्याचा मिस्त्री, मूळचा अमळनेरकडचा. घरी अहिराणी बोलणारा, माझ्याशी बोलताना तिच्यात थोडी शाळेची मराठी मिसळणारा. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. त्या दिवशी लाइट नसल्यामुळे लूम बंद होते आणि तो उंबऱ्यावर बसून नट सोडवायचा पाना पुसत होता.

मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

"बाई, लूम अडकना तर आम्ही आधी कारागीरले धरतस नही," तो म्हणाला. "एक एक वस्तू सोडीसन देखतस. जी मोकळी निंघनी, तिले सोडी देवानं. चला."

त्याने गाडीचं नाक उघडलं आणि मला आत बसवलं. "तुम्हनाच पाय पाहिजे," तो म्हणाला. गाडी जागच्या जागी चालू ठेवून मी दहा वेळा पेडल दाबलं, दहा वेळा पाय पूर्ण वर उचलून हवेत धरला. दहाही वेळा इंजिनाचा आवाज शहाण्यासारखा खाली आला. म्हणजे पायच.

"थांबा," सुकदेव म्हणाला. "अजून थंडी शे ती." त्याने दहा मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवलं आणि बिडी ओढली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मी पाय उचलला आणि इंजिन ओरडतच राहिलं. सुकदेव वाकून माझ्या पायाकडे बघत होता. पाय हवेत होता, चप्पल खाली पडली होती, आणि गाडी आरडाओरडा करत होती. मी किल्ली फिरवून ती बंद केली.

"पाय मोकळा," सुकदेव म्हणाला. पहिली वस्तू तपासून झाली, इतक्याच सुरात.

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पण मी त्याच्या मुलीची बाई, तेव्हा नुसती चप्पल घातली.

पुढचं त्याने एकट्याने केलं आणि मला समजावत गेला. पेडलपासून इंजिनापर्यंत एक तार जाते, बाहेरून नळीसारखं कवच असलेली. पेडल दाबलं की तार ओढली जाते आणि पेट्रोलचं दार उघडतं. पाय उचलला की स्प्रिंग ते दार लावून घेते आणि तार परत जाते. त्याने तार दोन्हीकडून सोडवली. इंजिनाकडचं दार बोटाने उघडून सोडलं. ते टकदिशी मिटलं. "मोकळं." पेडल हाताने दाबून सोडलं. तेही वर आलं. "मोकळं." मग नुसती तार कवचातून ओढली. ती आली, पण परत जाईना. तो ढकलत होता आणि ती वाकत होती.

"हाई देखा," तो म्हणाला आणि त्याने सबंध तार बाहेर काढली. ती काळी, जाड आणि केसाळ झाली होती, काकवीत बुडवलेल्या सुतळीसारखी. सुकदेवने थोडं बोटावर घेतलं, वास घेतला, पुन्हा घेतला.

"मशीननं तेल नही, बाई. खावानं शे. तिळनं." त्याने बोट माझ्यापुढे धरलं. "तेलमां रुई बसनी, इंजिनना ताप लागना, डिंक व्हई गया. तापनं का चिकटस, थंडं व्हयनं का सुटस. पन गाडीमां तिळनं तेल कोनी टाकं?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही, कारण तेवढ्यात मधुकरराव आले. बँक शनिवारी अर्धा दिवस असते. ती सुटली की ते मारुतीला तेल वाहायला जात. हातात स्टीलचा छोटा पेला होता आणि त्याच्या तळाशी तेल होतं. देवाला वाहून उरलेलं तेल घरात परत आणायचं नाही, हा माझ्या सासूबाईंचा नियम. पेला घरी रिकामा येतो एवढं मला माहीत होतं. तो कुठे रिकामा होतो हे मी पंचवीस वर्षांत विचारलं नव्हतं. ते सरळ गाडीच्या उघड्या नाकापाशी आले, सवयीने वाकले, आणि तार सुकदेवच्या हातात पाहून म्हणाले, "ही कशाला काढलीस? मी आता तेलच घालणार होतो."

तार खाली ठेवत सुकदेव म्हणाला, "केबल जुनी झायी, साहेब. तुम्हना काही दोष नही."

"दोष आहे," मी म्हटलं. "केबल जुनी असेल, पण दर शनिवारी तिला तिळाचं तेल तिने स्वतः पाजलेलं नाही." आणि चौथीच्या वर्गाला समजावते तसं मी त्यांना दार, स्प्रिंग, तेल आणि रुई समजावलं. वाईट वाटेल, लाजतील, निदान चिडतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी पेला खाली ठेवला आणि ते बॉबिनच्या रिकाम्या खोक्यावर बसले.

"तापल्यावरच अडकते?" त्यांनी सुकदेवला विचारलं.

"हां, साहेब."

"कामरेजला तसंच झालं होतं," ते म्हणाले.

कामरेजला ते नोव्हेंबरमध्ये एका ओळखीच्या शेतकऱ्याला गाडी दाखवायला गेले होते. तीन तास उशिरा आले आणि हायवेवर ट्रक उलटला होता म्हणाले. आता कळलं की ट्रक वगैरे काही उलटला नव्हता. हे स्वतःच उसात शिरले होते.

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, पाय गेला माझा." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "आमच्या अप्पांचं उजव्या पायापासूनच सुरू झालं होतं. मग सगळी बाजू गेली. मी दोन महिने रोज आंघोळीच्या वेळी टाचणी टोचून बघत होतो."

"लागायची?"

"लागायची. पण आधी अप्पांनाही लागायची."

मला त्यांची फार दया आली. बाथरूमचं दार लावून टाचणी हातात घेतलेला माझा नवरा मला दिसला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवणार होते, आणि तेवढ्यात माझं डोकं पुढे धावलं.

"माझी गाडी ताग्यात शिरली तेव्हा तुमच्या लक्षात आलं असेल," मी म्हटलं. "की पाय कुणाचाच नाही."

"त्याच रात्री आलं. दोघांचे पाय एकाच पेडलवर कसे जातील?"

"मग?"

"तोवर तुझा पाय सगळ्यांना सांगून झाला होता." ते थांबले. "गाडीचं काहीतरी करायचं म्हणून तेल दुप्पट घालायचं ठरवलं."

सुकदेवने मान खाली घातली आणि तो कवच घासलेटने धुवायला लागला. तो इतक्या जोरात धूत होता की आपल्याला काही ऐकू येत नाही, हे आम्हाला कळावं.

"त्या रात्री मला दोन महिन्यांनी झोप लागली, शैलजा," मधुकरराव म्हणाले.

"आणि मला लागली नाही," मी म्हटलं. "सहा रात्री मी तुमच्याशेजारी पडून माझा पाय तपासत होते. तुम्ही घोरत होतात." मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. "तुमची भीती तुम्ही मला दिलीत आणि वर माझी गाडीही काढून घेतलीत."

त्यांनी खिशातला रुमाल काढून मला दिला.

सुकदेवने कवच वाळवलं आणि स्कूटरच्या दुकानातून आणलेली नवी तार त्यात घातली. मधुकररावांचा हात आपोआप पेल्याकडे गेला. "नही, साहेब," सुकदेव म्हणाला. "कोरडीच." गाडी तापेपर्यंत चालवली. मी दहा वेळा पाय उचलला, आणि दहाही वेळा तिने ऐकलं.

"बसा," मी मधुकररावांना म्हटलं. ते बसले. त्यांनी कुठे जायचं ते विचारलं नाही, डोळेही मिटले नाहीत. गल्लीच्या टोकाला शेठच्या गोदामासमोर चार हमाल तागे उतरवत होते. आम्हाला बघून ते आपणहून भिंतीला चिकटले. मी वीस पावलांवर पाय उचलला आणि गाडी त्यांच्यापासून चांगली लांब थांबली. शेठ दारात आला.

"उतरा आणि सांगा," मी म्हटलं.

मधुकरराव उतरले, शर्ट नीट केला आणि हमालांच्या देखत शेठला म्हणाले, "शेठ, ते दिवसे एमनो वांक नहोतो. वांक मारो हतो." दोष माझा होता म्हणाले. शेठने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला नमस्कार केला.

ते परत येऊन दाराशी उभे राहिले. मी दाराची कडी आतून धरून ठेवली होती.

"सांगितलं ना," ते म्हणाले.

"त्यांना सांगितलंत. गुजरातीत."

इंजिन हळू आवाजात चालू होतं. हमालांनी तागे उचलायचं थांबवलं होतं. मधुकररावांनी चष्मा काढून पुसला. पंचवीस वर्षांत मी त्यांना इतका वेळ चष्मा पुसताना पाहिलं नव्हतं.

"माझी चूक झाली, शैलजा," ते म्हणाले. "तुझा पाय चांगला आहे. मला माहीत होतं."

मी कडी सोडली. "बसा," मी म्हटलं. "आता उषाबाईंकडे."