धुतलेले दगड

सुनेत्राने हिमालयाच्या पायथ्याच्या टेकडीतून खालून वर, एकेका थरातला एक असे अकरा दगड बेलवलीला घरी आणले होते. आईने ते घासून लख्ख धुतले आणि त्यांवरचे थरांचे खडूचे नंबर गेले. उद्या कॉलेजात ते क्रमाने मांडायचे होते.

"इथल्या बारवी धरणाजवळून दुसरे आण की," आई म्हणाली.

"तिथे सगळा लाव्हाचा खडक, आई. हे नदीच्या गाळाचे आहेत."

सुनेत्रा फतकल मारून दगडांचा क्रम लावत बसली. बारीक मातीचे तळाला, कारण ती साचली तेव्हा डोंगर लांब आणि नदी संथ होती. मग वाळूचे. डोंगर उंच होत जवळ आला, म्हणून गोट्यांचे सगळ्यात वर. दोन लाल दगड मात्र अगदी सारखे निघाले.

"टाक कुठलाही नंबर."

"नाही. क्रम माहीत नाही, असंच लिहिणार."

"मार्क जातील गं."

"जाऊ देत," म्हणत तिने तसंच लिहिलं.