टिमबिटचं दूध तोडताना

"मानेला धर! शेपटीला काय धरतोस? पंप आहे का तो?"

माझी बायको बीआट्रिस गॅरेजच्या दारात उभी राहून ओरडत होती आणि मी विंटर टायरच्या चळतीवर पालथा पडून टिमबिटला ओढत होतो. टिमबिट म्हणजे बोका. वय पाच महिने. वजन सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, म्हणून एवढंच सांगतो की आमच्या रस्त्यावरचा, कचरापेट्या उलथणारा दांडगा रकूनही त्याला बघून बाजूला होतो. तर असा हा बाप्या, सकाळी नऊ वाजता, स्वतःच्या गाभण आईला जमिनीवर दाबून तिला चुरूचुरू पीत होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आईच लेकराला पितेय.

आईचं नाव मदर सुपिरियर. अंग काळंभोर, गळ्याखाली पांढरा पट्टा, आणि चाल कॉन्व्हेंटच्या मोठ्या सिस्टरसारखी, अशी की आता ही सगळ्यांना प्रार्थनेला उभं करणार. नाव मी ठेवलं. मदर सुपिरियरला सहा महिन्यांत दुसऱ्यांदा दिवस गेलेत हे मी चर्चच्या मिस्सानंतर फादरना सांगितलं, तर फादर पोट धरून हसले आणि बीआट्रिस आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तो आठवडा मात्र बरा गेला.

ही बया नोव्हेंबरात आली. इथे परदेशात, रिचमंड हिलला, थंडी सुरू झालेली, आमचा मुलगा रॉयस्टन गॅरेजचं दार उघडं ठेवून ऑफिसला गेला आणि ही टायरच्या मागे व्याली. पिल्लं तीन. आम्हाला कळेपर्यंत दोन कडक झाली होती. बीआट्रिसने ती माझ्या जुन्या टोपीत गुंडाळली आणि मागच्या अंगणात खड्डा खणायला मला पाठवलं. जमीन अशी गोठलेली की फावडं उडून शेजारच्या ड्राइव्हवेत पडलं. उरला तो टिमबिट. नाव नातीने, रेबेकाने ठेवलं, कारण तेव्हा तो खरोखर त्या गोळ्यासारख्या डोनटएवढा होता.

आता एप्रिल. क्लिनिकमधल्या डॉक्टरणीने मदरचं पोट चाचपलं आणि सांगितलं, "आठवडा, फार तर दहा दिवस. पण या मोठ्याला आजच्या आज तोडा. हा पीत राहिला तर नव्यांना पहिलं दूध मिळणार नाही आणि ती जगणार नाहीत. वेगळं ठेवा, दार बंद करा, संपलं."

बीआट्रिसने चर्चच्या गायनातल्या मुलीसारखी मान हलवली. चाळीस वर्षं नर्स होती ती. डॉक्टरचं बोलणं मान खाली घालून ऐकायचं आणि मग आपल्याला हवं तेच करायचं, हे तिच्या अंगात मुरलंय.

"पप्पा, मी क्लिअर सांगतो," रॉयस्टन गाडीतच म्हणाला. "ईस्टरला पंचवीस माणसं जेवायला आहेत. शेरिलला ॲलर्जी आहे. मांजरं वर येणार नाहीत, आणि हा ड्रामा त्याच्या आधी संपला पाहिजे. दोन दिवसांचं काम आहे." शेरिल म्हणजे आमची सून.

दोन दिवस! मी वसईत बावीस वर्षं विहिरींवरचे पंप दुरुस्त केले. गाळात रुतलेली मोटर मी दातांनी ओढून काढलीय. पण या घरात दार बंद ठेवणं मला जमलं नाही.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मी पहिला उपाय केला. बीआट्रिसचा पायात घालायचा तो घट्ट मोजा घेतला, चार भोकं पाडली आणि मदरला अंगरखा चढवला. छान दिसत होती. टिमबिटने तिच्याभोवती एक फेरी मारली, मोज्याचं टोक दातात धरलं आणि केळं सोलावं तसं आईला सोललं.

सोमवारी मी त्याला बेसमेंटच्या वॉशरूममध्ये कोंडलं. पाण्याचं भांडं, उकडलेलं चिकन, माझा जुना स्वेटर, सगळी सोय. तो असा ओरडायला लागला की वरच्या कपाटातल्या बशा वाजल्या. मी ठाम होतो. पंधरा मिनिटं चहा पिऊन परत येतो तर दार उघडं आणि बाप्या गॅरेजात आईवर आडवा!

"दार कोणी उघडलं?"

"मला टॉवेल हवा होता," बीआट्रिस म्हणाली.

तिला त्या दिवशी सहा वेळा टॉवेल हवा होता. सहाव्यांदा मी कपाळावर हात मारला. "अगं, तुला कळतंय का? नोव्हेंबरात दोन पुरली ना आपण? आणखी पुरायचीत? डॉक्टरीण सांगते बंद कर, मी बंद करतो, आणि तू उघडतेस! नर्स ना तू?"

"तुझं आवाज करणं बंद कर आधी," ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

मंगळवारी संध्याकाळी मी शेवटचं अस्त्र काढलं. ग्रोसरीतून कारली आणली, किसून त्यांचा रस काढला आणि वाटीत घेऊन गॅरेजात आलो. रेबेका मदरला मांडीवर घेऊन बसली होती. रॉयस्टन ईस्टरच्या पंगतीसाठी खुर्च्या लावून बघत होता. बीआट्रिस दाराशी.

"ग्रँपा, व्हॉट इज दॅट? इट स्टिंक्स!"

"हा आपल्या लोकांचा उपाय. आईच्या अंगाला कडू लावायचं. पोर एकदा तोंड लावतं, थू करतं, खलास. तुझ्या डॅडीचं असंच तोडलं. सांगू?"

"पप्पा, नॉट अगेन," रॉयस्टन म्हणाला, पण हसत. ही गोष्ट माझी खास. एकोणचाळीस वर्षं प्रत्येक बाप्तिस्म्याला, प्रत्येक लग्नात मी ती सांगत आलोय. लोक मागून सांगायला लावतात.

"तुझा डॅडी अकरा महिन्यांचा. ग्रॅनीला कुवेतच्या हॉस्पिटलचा व्हिसा आला, विमानाला आठ दिवस. तिच्या आईने कडुनिंबाचा पाला वाटला आणि लावला. तुझ्या डॅडीने तोंड लावलं मात्र, असा बोंबलला, असा बोंबलला, की अर्नाळ्याच्या होड्या वादळाचा भोंगा समजून परत फिरल्या! चर्चमधले फादर मिस्सा अर्धी सोडून धावत आले. कोंबड्यांनी तीन दिवस अंडी घातली नाहीत..."

"तो रडला नाही."

बीआट्रिस बोलली. हळूच. मी ही गोष्ट सुरू केली की ती उठून किचनमध्ये जाते, कायम. मला वाटायचं, पाहुण्यांचं बघायला जाते. आज गॅरेजात किचन नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"रडला नाही तो. तुला कुठून माहीत असणार? तू नंदाखालला पंप बसवत होतास." तिने माझ्या हातातली वाटी घेतली. "त्याने तोंड लावलं, काढलं आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग मान फिरवली. संध्याकाळी मी सगळं धुऊन पुसून त्याला जवळ घेतलं, तर तो माझ्या आईकडे हात करायला लागला. आठ दिवस होते अजून. आठ दिवस मी घरात होते, कॉन्रॅड. तो माझ्याकडे आला नाही. रडला असता तर..."

कारल्याचा रस तिने दाराबाहेर उरलेल्या बर्फावर ओतला. हिरवा डाग पडला.

रॉयस्टन एक घडीची खुर्ची हातात धरून उभा होता. पाच वर्षांनी बीआट्रिस कुवेतहून आली तेव्हा तो आजीला आई म्हणायचा आणि हिला 'त्या'. त्याचीही माझ्याकडे एक गमतीदार गोष्ट आहे. ती मी इथे सांगत नाही.

"ममा," तो म्हणाला. त्याने खुर्ची उघडली, परत मिटली.

"चल रे," बीआट्रिस टिमबिटला म्हणाली. तिने त्याला मानेला धरून उचललं, कसं उचलायचं हे मला दाखवत असल्यासारखं. "दार बंदच करायचं ना? करा. पण मी आत बसणार."

आणि बसली. बुधवार, गुरुवार, उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. वॉशरूममध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर, स्वेटर घालून, हातात जपमाळ आणि बशीत चिकन. टिमबिटने पहिल्या दिवशी तिला ओरबाडलं, पडदा फाडला आणि असा ओरडला की... जाऊ दे, मोठ्याने ओरडला. शेरिलने वरून फोन करून विचारलं, सगळं ओके आहे ना. मी दाराबाहेर उभा राहून वैतागलो.

"अगं, बाहेर ये! गुडघे धरतील तुझे! त्याला एकट्याला ओरडू दे ना!"

"ओरडू दे," आतून आवाज आला. "ओरडतोय ते चांगलं आहे. तू जा, चहा टाक."

गुरुवारी दुपारी त्याने तिच्या बोटांवरून चिकन खाल्लं. शुक्रवारी तिच्या मांडीवर झोपला आणि झोपेत तिच्या स्वेटरचं बटण चोखत राहिला. तिने स्वेटर काढला नाही. त्या तीन दिवसांत रॉयस्टन ऑफिसातून आला की कोट न काढता खाली जायचा. दाराबाहेर जमिनीवर बसायचा. दाराआडून दोघं काय बोलायचे मला माहीत नाही. फार काही बोलत नसावेत. एकदा मी जिन्यातून बघितलं, तर दाराच्या फटीतून आलेला टिमबिटचा पंजा रॉयस्टनच्या बुटाची लेस ओढत होता.

शनिवारी दुपारी मदर सुपिरियर व्याली. चार. माझ्या सवयीने मी नऊ सांगणार होतो, पण चारच. चारही ओली, आंधळी, ओळीने दुधाला लागलेली. गॅरेजात खुर्च्या लागल्या नाहीत. पंचवीस माणसं हॉलमध्ये कोंबली आणि शेरिलने ॲलर्जीची गोळी घेतली.

ईस्टरच्या जेवणाला सगळं बोलून झालं, वाइन झाली, आणि मिलिंद, माझा जुना शेजारी, टेबलावर हात मारून म्हणाला, "कॉन्रॅड, ती होड्यांची गोष्ट होऊन जाऊ दे! माझ्या जावयाने ऐकली नाही अजून!"

सगळे माझ्याकडे वळले. बीआट्रिसने टेबलाच्या कडेवर हात ठेवला. हा हात मला आता ओळखता येतो. उठण्याआधी ती तो असा ठेवते.

"कुठली गोष्ट?" मी म्हणालो.

"अरे, रॉयस्टनची! बोंबलला तो!"

"आठवत नाही," मी म्हणालो. "वय झालं."

एकोणचाळीस वर्षांत मी सांगितलेल्या थापांमधली ही सगळ्यात छोटी. कोणाचाही विश्वास बसला नाही. मिलिंद तर वैतागला, "च्यायला, हा दुसऱ्यांच्या लग्नातसुद्धा न विचारता सांगतो!"

टेबलावरची ग्रेव्ही संपली होती. बीआट्रिस उठायला लागली.

"ममा, तू बस," रॉयस्टन म्हणाला. रिकामं भांडं उचलून तो किचनमध्ये गेला.

ती बसली. तिच्या स्वेटरच्या वरच्या बटणाच्या जागी नुसता दोरा लोंबत होता. तिने तो बोटाला गुंडाळला आणि मिलिंदच्या जावयाला विचारलं, भात वाढू का.