शुक्रवारची ओटी

रेणुकाला पैसे द्यायचे म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखं. एकदा मी तिच्या पिठाच्या डब्यात नोट ठेवून आले, तर संध्याकाळी तीच नोट पीठ झटकून माझ्या हातात. "वंदनाताई, तुमचं काहीतरी सांडलंय आमच्याकडं."

तिच्या नवऱ्याला, पप्पूला, जालन्याच्या सळई कारखान्यातून कमी केल्याला तिसरा महिना लागला होता. कर्जावर घेतलेली शेवयांची मशीन तेवढी घरात राहिली होती. तिचे हप्ते थकले, आणि नेमका शेवयांचा हंगाम तोंडावर आला तेव्हा फायनान्सवाला सांगून गेला, शुक्रवारी दुपारी टेम्पो घेऊन येतो.

शुक्रवार म्हटल्यावर माझं डोकं चाललं. सवाष्ण बाई दुसरं काहीही परत करील, भरलेली ओटी करत नाही.

सकाळीच गल्लीतल्या सगळ्याजणींना गाठलं. "खणाच्या घडीत जमेल ते ठेवा, वरून गहू आन् नारळ. कुणी किती ठेवलं, कुणी विचारायचं न्हाई."

"नवऱ्याला काय सांगू?" बेबीनंदा म्हणाली.

"खण महाग झाले म्हण."

रेणुकाला माझ्या घरी हळदीकुंकवाला बोलावून पाटावर बसवलं. पहिल्या ओटीला ती लाजून हसली. दुसऱ्या ओटीच्या खणात काहीतरी चुरचुरलं, आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी उगाच नारळाची शेंडी विंचरायला लागले. उठून जायची सोय नव्हती. भरला पदर सांडायचा कसा?

"ताई, हे बराबर न्हाई."

"ओटी भरताना बोलू नये."

"असं कुठं असतंय?"

"आमच्या वाटूरला असतंय."

वाटूरला असलं काही नसतं.

तेवढ्यात दारात तिची सासू उभी. गोपिकाबाई, केदारखेड्याहून, न कळवता, सुनेला शोधत माझ्या घरी. सून पाटावर, पदर फुगलेला, भोवती बाया ओट्या भरून राह्यल्या. म्हातारीचा चेहरा असा उजळला की आमचे हातच थांबले.

"आगं, मला सांगायचं न्हाई का? कितवा महिना?"

पप्पूनं आईला नोकरीचं कळू दिलं नव्हतं. रेणुकाच खाली बघत म्हणाली, "तिसरा, आत्याबाई. यांची नोकरी जाऊन."

गोपिकाबाई उंबऱ्यातच बसल्या. "मंग ह्या ओट्या?"

"मशीन उचलायला येऊन राह्यलेत. ह्या बाया मला फसवून पैसे द्यायल्यात."

म्हातारीनं कमरेची चंची सोडली आणि सुपारीखालून नोटांची गुंडाळी काढली. "काल दोन शेळ्या इकल्या. छपराला पत्रे घ्यायचे व्हते." हात पुढं आला आणि मधेच थांबला. कपाळ मोकळं होतं. "माझ्या हातानं कशी भरू? मालक जाऊन किती वर्षं झाली."

सगळ्याजणी फरशीकडं बघायला लागल्या.

कुणापुढं हात न पसरणारी रेणुका गुडघ्यांवर पुढं सरकली. दोन्ही हातांनी भरला पदर तिनं सासूसमोर धरला.

"भरा, आत्याबाई. गहू पन घाला मूठभर."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि एकच पळापळ झाली. रेणुका भरल्या पदरानं पुढं, मागं आम्ही, गल्लीभर गहू सांडत. तिच्या घराच्या ओट्यावर आम्ही धडाधड खण उलगडले. फायनान्सवाला नोटा मोजताना बोटं पुसत होता.

"कुंकू लागलंय, मॅडम. ऑनलाइन जमलं असतं."

"ओटीत ऑनलाइन मावत न्हाई," गोपिकाबाई म्हणाल्या. "पावती द्या जल्दी."

टेम्पो रिकामाच वळला. रेणुकानं मशीनचं बटण दाबलं. आवाज असा घुमला की शेजारची पोरं धावत आली.

"यंदा एकीकडूनही शेवयांचे पैसे घेणार न्हाई," ती त्या आवाजावरून ओरडली. "कुणी डब्यात ठेवले तर घरी आणून देईन."

आम्ही तोंडं उघडली, तर सासूनं आम्हांला हातानंच गप्प केलं.

"पहिला घाणा आत्याबाईंचा," रेणुका म्हणाली. "आन् वंदनाताई, तुमचा सगळ्यात शेवटी."