काडेपेटीतले मणी

तुटलेल्या माळेचे मणी. कोटाचं काळं बटण. पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीने काढलेला डोंगर. मिटलेली काडेपेटी. टेबलावर आपटलेली मूठ.

मूठ दादाची होती. बटण, म्हणजे राक्षस, उडून खुर्चीखाली गेलं.

"ही शुद्ध फसवणूक आहे!" तो म्हणाला. "वैद्य मेलाच कसा? त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही."

धाकटीने, त्याच्या बहिणीने, वाकून राक्षस उचलला. दिवसभर कारखान्यात खोक्यांचे साचे आखायचे, आणि घरी आल्यावर उरलेल्या पुठ्ठ्यावर हा खेळ रचत बसायचं, असं तिचं वर्षभर चाललं होतं. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट रचत डोंगर चढायचा. परवा एक दुकानदार खेळ बघायला येणार होता. आवडला तर छापणार होता.

"मणी म्हणजे दम," ती म्हणाली. "तू दरीत सारख्या उड्या मारल्यास. वैद्य दर वेळी स्वतःचा मणी तुला देत गेला. संपले."

"मग सांगायला नको? आमचे मणी उघड्यावर आणि वैद्याचे काडेपेटीत!"

"नियमच आहे तो. कुणी विचारलं तरच पेटी दाखवायची."

"ऐन मारामारीत विचारणार कोण?" दादाचा मित्र म्हणाला. वाद घालण्याच्या हौसेपायी सगळे त्याला वकील म्हणत. "माझी हरकत नोंदवून घे. असा खेळ कुणी फुकटसुद्धा नेणार नाही. काढून टाक तो नियम."

धाकटीची कानशिलं तापली. शेजारी खेळले होते, कारखान्यातले खेळले होते. दर वेळी वैद्य मेला आणि दर वेळी सगळे तिच्यावरच खेकसले. विचारलं मात्र एकानेही नव्हतं.

"तोंड होतं ना तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "वाचव, वाचव म्हणून बोंबलताना बरं होतं! तेव्हाच 'तुझं किती उरलंय' एवढं विचारलं असतं, तर काय जीभ झिजली असती? नियम जाणार नाही. दुकानदार गेला खड्ड्यात."

वैद्य झालेली वहिनी रिकामी काडेपेटी नुसती उघडत होती, मिटत होती.

"मांड परत," दादा गुरगुरला. "आता बघतोच."

धाकटीने मणी वाटले. वहिनीने आपली पेटी मांडीवर घेतली. डोंगर, पूल, राक्षस. फासा पडला आणि दादा सवयीप्रमाणे पुलावरून थेट खाली गेला. त्याने न बघताच हात पुढे केला. वहिनीने तळव्यावर मणी ठेवला.

दादाने मूठ मिटली नाही. मण्याकडे बघत राहिला.

"तुझं किती उरलंय?"

वकील फिसकन हसला. वहिनी हसली नाही. पेटीवर हात ठेवून तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"खेळातलंच विचारताय ना?"

दादाचा तळवा तसाच उघडा राहिला. पाळी वकिलाची होती, पण त्याने फासे उचलले नाहीत. धाकटी बटणाची भोकं नखाने कोरत राहिली.

आईलाही कुणी कधी असं विचारलं नव्हतं. ती गेली त्या दिवशी सकाळीही तिने दोन्ही मुलांचे कपडे इस्त्री करून ठेवले होते, दादाचे आणि धाकटीचे.